मुलांसह स्पेनमध्ये स्थलांतर : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

स्पॅनिशभाषक देशात स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांत एक समजूत हमखास आढळते, ती अशी की लहान मूल चार-सहा महिन्यांत नवी भाषा आपोआप उचलते. ही समजूत अर्धी खरी आहे आणि म्हणूनच ती अधिक फसवी ठरते. कॅनडातील भाषाभ्यासक जिम कमिन्स यांनी 1979 मध्ये दोन भाषिक क्षमतांत भेद केला : समोरच्या प्रसंगाच्या आधाराने चालणारी बोलण्याची भाषा, आणि असा आधार नसताना पाठ्यपुस्तकातील आशय समजून घेण्यासाठी व मांडण्यासाठी लागणारी शालेय भाषा. पहिली साधारणपणे 2 वर्षांत येते, तर दुसरीत बरोबरीच्या मुलांना गाठण्यासाठी 5 ते 7 वर्षे लागू शकतात, असे त्यांच्या अभ्यासातून पुढे आले. त्यामुळे मधल्या सुट्टीत स्पॅनिशमध्ये सफाईने भांडणारी सात वर्षांची मुलगी गणितातील शाब्दिक उदाहरणापाशी अडली, तर तिला गणित येत नाही असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते. याच्या उलट, आरंभीचे काही आठवडे, क्वचित काही महिने, वर्गात चकार शब्द न काढणारे मूल मागे पडलेले असतेच असे नाही; ऐकून साठवण्याचा हा टप्पा भाषाशास्त्रात मूकावस्था म्हणून ओळखला जातो.

स्पॅनिश लवकर यावी म्हणून घरातील मराठी थांबवण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो, आणि तो निखालस वाईट आहे. पालकांनी स्वतःच अर्धवट शिकलेल्या भाषेत बोलायचे ठरवले, तर मुलाच्या कानावर पडणारी भाषाच तोकडी होते. शिवाय मराठी येथे अडसर नसून काही बाबतींत चक्क सोयीची आहे. स्पॅनिशमधील पाच स्वर मराठी कानाला ओळखीचे आहेत. दातांना जीभ लावून उच्चारला जाणारा, महाप्राण नसलेला ‘त’ इंग्रजीभाषक मुलाला मुद्दाम शिकावा लागतो, तो मराठी मूल घेऊनच येते. आणि तीन लिंगांत वावरलेल्या मुलाला स्पॅनिशमधील दोन लिंगांचे नवल वाटत नाही. कष्ट पडतात ते लांबवून कंपित केलेल्या ‘र’साठी.

स्पेनमध्ये सर्वत्र शाळा स्पॅनिशमध्येच चालतात, हा गैरसमज नोकरी स्वीकारून घर ठरवल्यानंतर लक्षात येतो, हे त्याचे खरे दुखणे. 1978 च्या राज्यघटनेने स्पॅनिशबरोबर प्रादेशिक भाषांनाही त्या-त्या स्वायत्त प्रदेशात अधिकृत दर्जा मिळण्याची तरतूद केली. बार्सिलोना ज्या कातालोनियात आहे तेथे 1983 च्या कायद्यानंतर सरकारी शाळांतून कातालान हे शिक्षणाचे मुख्य माध्यम होत गेले (या धोरणावरून न्यायालयीन वादही झाले आहेत), आणि नवागत मुलांना काही तास वेगळे बसवून भाषा शिकवणारे स्वागतवर्ग तेथील अनेक शाळांत असतात. बास्क प्रदेशात माध्यमानुसार शाळांचे प्रकारच वेगळे आहेत. गॅलिसिया आणि वालेन्सिया यांच्याही स्वतःच्या भाषा आहेत. फक्त स्पॅनिशच हवी असेल, तर माद्रिद किंवा आंदालुसिया यांचा विचार आधी करावा लागतो.

शाळाप्रवेशाचे नियम त्या मानाने सरळ आहेत. सक्तीचे शिक्षण 6 ते 16 या वयासाठी असते. 3 ते 6 वर्षांचा टप्पा ऐच्छिक, पण विनाशुल्क असतो. इयत्ता जन्मवर्षावरून ठरते, म्हणजे जानेवारीत आणि डिसेंबरात जन्मलेली मुले एकाच वर्गात बसतात. मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवता येईल हा समज मात्र धोक्याचा आहे, कारण सक्तीच्या वयात गृहशिक्षणाला कायद्याची मान्यता नाही आणि घटनात्मक न्यायालयाने 2010 मध्ये ही भूमिका उचलून धरली. प्रवेशासाठी प्रथम नगरपालिकेत राहत्या पत्त्याची नोंद लागते. तिला ‘एम्पाद्रोनामिएन्तो’ म्हणतात.

कागदपत्रांत सर्वांत अनपेक्षित अडचण नावाची येते. स्पॅनिश अर्जात दोन आडनावांचे रकाने असतात, पहिले बहुधा वडिलांकडचे आणि दुसरे आईकडचे; मराठी पद्धतीतील वडिलांचे नाव त्यांतल्या पहिल्या रकान्यात गेले, की शाळेत, दवाखान्यात आणि निवासपत्रावर मूल वेगवेगळ्या नावांनी नोंदले जाण्याची शक्यता असते. पारपत्रावर जसे आहे तसेच नाव लिहून दुसऱ्या आडनावाचा रकाना रिकामा ठेवावा, हे उत्तम. जन्मदाखल्यावर भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाचे ‘अपोस्टिल’, म्हणजे ही पद्धत स्वीकारलेल्या अन्य देशांत मान्य होणारे प्रमाणन, घेऊन त्याचे शपथबद्ध अनुवादकाकडून भाषांतर करून घ्यावे लागते.

स्पेनमध्ये जन्मलेले मूल आपोआप स्पॅनिश नागरिक होते, ही समजूतही निराधार आहे. परदेशी पालकांच्या तेथे जन्मलेल्या मुलासाठी 1 वर्षाच्या कायदेशीर वास्तव्यानंतर अर्ज करता येतो. लॅटिन अमेरिकेतील देशांच्या आणि पोर्तुगालच्या जन्मसिद्ध नागरिकांना 2 वर्षे पुरतात. भारतीय पालकांना मात्र सर्वसाधारणपणे 10 वर्षे थांबावे लागते. भारतीय कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही. त्यामुळे तेथे जन्मलेल्या मुलाचे भारतीय नागरिकत्व हवे असल्यास, त्याच्याकडे दुसऱ्या देशाचे पारपत्र नाही असे जाहीर करून, जन्मापासून 1 वर्षाच्या आत भारतीय दूतावासात त्याची नोंद करावी.