पाठवले जाण्याचे व्रत

हैदराबादच्या नल्लकुंट्यात शृंगेरीचा शंकर मठ आहे. अशा मठात मुक्कामाला आलेला संन्यासी दुरूनही ओळखू येतो. भगवी वस्त्रे, हातातला दंड, कपाळावरचे भस्म, ठरल्या वेळची पूजा यांतून त्याचा सगळा जीवनक्रम समोर दिसतो. याच महानगराच्या उत्तरेला, जुन्या अलवालमध्ये, १९७६ साली सुरू झालेली लोयोला अकॅडमी आहे. ती चालवणारेही ब्रह्मचारी आणि व्रतस्थच. पण त्यांच्यापैकी कुणी नल्लकुंट्याच्या बाजारात भाजी घेत उभा राहिला, तर शेजारच्या गिऱ्हाइकाला त्याच्या व्रतांचा पत्ता लागणार नाही. हे येशूसंघाचे धर्मगुरू. जगभर त्यांना जेझुइट म्हणतात.

मराठी माणसाची या संघाशी ओळख आहे ती शाळा-कॉलेजांमुळे. मुंबईचे सेंट झेवियर्स कॉलेज १८६९चे, पुण्याची सेंट व्हिन्सेंट्स शाळा १८६७ची. शिस्त, इंग्रजी, प्रवेशासाठी लागणारी रांग, एवढ्यावर ही ओळख थांबते. मला ती फार अपुरी वाटते. याच संघाच्या माणसांनी मराठीत पुराण रचले, नगर जिल्ह्यातल्या खेड्यातून मासिक काढले आणि दुष्काळी डोंगरांवर चर खणले. ही कामे एकमेकांपासून लांबची दिसतात, पण त्यांच्या मुळाशी प्रार्थनेची एकच रीत आहे. ती समजून घेतल्याशिवाय येशूसंघ कळत नाही.

ती रीत एका मोडलेल्या पायापासून सुरू झाली. इग्नाशियस लोयोला हा १४९१चा जन्म असलेला बास्क सरदारपुत्र. मे १५२१मध्ये पाम्प्लोनाच्या किल्ल्यावर तोफेचा गोळा लागून त्याचा पाय मोडला. घरी अंथरुणावर पडून असताना त्याने वाचायला शूरवीरांच्या प्रेमकथा मागितल्या. घरात होते फक्त ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथा. नाइलाजाने तो त्या वाचू लागला आणि त्याला स्वतःविषयी एक गोष्ट दिसली. दरबार, लढाया, एखाद्या उच्चकुलीन स्त्रीची मर्जी यांच्या स्वप्नांत तो तासन्‌तास रमे, पण स्वप्न ओसरले की मन कोरडे पडे. संतांसारखे जगण्याचा विचार मात्र निघून गेल्यावरही मागे आनंद ठेवून जाई. या फरकाकडे त्याने आयुष्यभर लक्ष ठेवले. मनात उठणारी कुठली ओढ देवाकडे नेते आणि कुठली लांब नेते, हे पारखण्याची विद्या त्यातूनच घडली.

पुढे मानरेसा गावी त्याने कित्येक महिने उग्र तप केले आणि टिपणे काढली. त्यांतून ‘आध्यात्मिक साधना’ ही पुस्तिका तयार झाली. १५४८मध्ये पोपने तिला मान्यता दिली. हे पुस्तक सलग वाचायला घेणाऱ्याची निराशाच होते, कारण ते वाचण्यासाठी लिहिलेलेच नाही. चालणे-धावणे ही शरीराची तालीम असते, तशी ही मनाची तालीम, असे इग्नाशियस स्वतःच म्हणतो. सुमारे तीस दिवस मौनात राहायचे, रोज चार-पाच वेळा तासभर ध्यान करायचे आणि एका मार्गदर्शकाला मनात काय घडले ते सांगायचे. साधनेचे टप्पे चार. आधी स्वतःचे पाप आणि त्याहून मोठी असलेली देवाची माया, मग येशूचे जीवन, मग त्याचे दुःखसहन, शेवटी पुनरुत्थान. ध्यानात कल्पनाशक्तीला मोकळीक असते. बेथलेहेमची वाट किती लांब आहे, गुहा केवढी आहे, आतली माणसे काय बोलताहेत, हे सारे साधकाने डोळ्यांनी पाहायचे आणि कानांनी ऐकायचे. त्या गुहेत आपणही एक गरीब चाकर आहोत असे समजून हाताखाली राबायचे. निराकाराकडे निघालेली ही वाट नाही, ती प्रसंगाच्या आत शिरणारी आहे.

तीस दिवसांची साधना येशूसंघी आयुष्यात साधारणपणे दोनदा करतो. एकदा उमेदवारीच्या काळात आणि पुन्हा, पुरोहितदीक्षेनंतर काही वर्षांनी, अंतिम व्रते घेण्यापूर्वी. या दोहोंच्या मध्ये तत्त्वज्ञान, ईश्वरविद्या आणि प्रत्यक्ष कामाची दहा-बारा वर्षे जातात. रोज दुपारी आणि रात्री पाव तास आत्मपरीक्षण मात्र कधी चुकवायचे नसते. आज देव कुठे भेटला, मी कुठे पाठ फिरवली, उद्या काय करायचे, हे स्वतःला विचारायचे. दिवस वर्गात गेला, इस्पितळात गेला की तुरुंगात, प्रश्न तेच राहतात.

१५ ऑगस्ट १५३४ रोजी पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीवर इग्नाशियस आणि त्याच्या सहा सोबत्यांनी व्रते घेतली. त्यांत फ्रान्सिस झेवियर होता. २७ सप्टेंबर १५४० रोजी तिसऱ्या पॉल पोपने संघाला मान्यता दिली. इग्नाशियसने या संघाला वेगळा पोशाख ठरवला नाही. इतर संघांत दिवसातून अनेकदा मठात जमून स्तोत्रे गाण्याची प्रथा होती, तीही त्याने ठेवली नाही. त्या काळी हे धाडसच होते. मठ आणि घंटा नसली तर संन्यासी कसला, असे रोममध्येच लोक विचारत. पण मठाला बांधलेला माणूस उद्या सकाळी गलबतावर चढू शकत नाही. गरिबी, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन या तीन व्रतांना जोडून येशूसंघातले अनेक जण चौथे व्रत घेतात: पोप पाठवेल त्या कामगिरीवर जाण्याचे. हुद्द्याच्या मागे न लागण्याचे वचनही द्यावे लागते.

मराठी वाचकाला इथे गीतेतली अनासक्ती आठवेल. नाते जवळचे आहे. आरोग्य की आजार, मान की अपमान, दीर्घायुष्य की अल्पायुष्य, यांपैकी आधीपासून काहीच पसंत करून ठेवू नये, ही इग्नाशियसची मूळ शिकवण. मात्र त्याची अनासक्ती लगेच पुढचा प्रश्न विचारते: मग आता मी कुठे जाऊ?

थॉमस स्टीफन्स गोव्यात आला. विल्टशरचा हा इंग्रज तरुण. त्याच्या देशात तेव्हा कॅथलिक असणे धोक्याचे होते. रोममध्ये १५७५ला तो येशूसंघात दाखल झाला, एप्रिल १५७९मध्ये लिस्बनहून निघाला आणि ऑक्टोबरात गोव्याला उतरला. त्यानंतर १६१९मध्ये मरेपर्यंत, चाळीस वर्षे, तो इथेच राहिला, बहुतेक काळ साष्टीत. १६१६मध्ये रायतूरला त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. जवळपास अकरा हजार ओव्या, दोन भाग, लिपी रोमन, भाषा मराठी. मराठीची त्यात त्याने केलेली स्तुती आपण शाळेपासून पाठ करतो आणि तिथेच थांबतो. ख्रिस्तजन्माचे प्रसंग वाचताना मला नेहमी मानरेसाची ती पुस्तिका आठवते. ज्याने तीस दिवस गुहेत उभे राहून बाळाकडे पाहिले आहे, तोच असे तपशिलाने सांगतो. साधनेतले पाहणे इथे ओवीत उतरले आहे. स्टीफन्सच्या पाठोपाठ एतिएन द ला क्रुआ या फ्रेंच येशूसंघ्यानेही मराठी ओव्यांत संत पीटरचे पुराण रचले.

पण याच साष्टीत १५६७मध्ये देवळे पाडली गेली होती. इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, १५६०मध्ये गोव्यात आले, आणि ते यावे अशी मागणी स्वतः झेवियरने १५४६च्या पत्रात पोर्तुगालच्या राजाकडे केली होती. १५ जुलै १५८३ रोजी कुंकळ्ळीत पाच येशूसंघी मारले गेले. त्यांत नुकताच अकबराच्या दरबारातून परतलेला रुडॉल्फ अक्वाविवा होता. बदला म्हणून पोर्तुगिजांनी कुंकळ्ळीच्या गावकारांना बोलावून घेऊन असोळण्याच्या किल्ल्यात ठार केले. ‘ख्रिस्तपुराणा’त नवख्रिस्ती माणूस म्हणतो की जुनी पुराणे गेली, आता आम्ही वाचायचे काय. ती पुराणे कशी गेली हे स्टीफन्सला ठाऊक होते. देव सगळीकडे भेटतो असे शिकवणाऱ्यांना समोरच्या देवळात तो का दिसला नाही, हा प्रश्न येशूसंघाचा आदर करणाऱ्यानेच आधी विचारायला हवा. मी तो विचारतो, आणि कालमानाचे समर्थन मला पुरेसे वाटत नाही.

१६८४मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने लोकांच्या बोलीवर बंदी घातली. ‘ख्रिस्तपुराणा’च्या पहिल्या छापील प्रती नाहीशा झाल्या, ग्रंथ तगला तो कानडा मुलखात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या हस्तलिखितांत. १७५९मध्ये पोर्तुगालने येशूसंघाला आपल्या मुलखातून हाकलले, १७७३मध्ये पोपनेच संघ बरखास्त केला आणि १८१४मध्ये पुन्हा उभा केला.

पुनरुज्जीवनानंतर मुंबई-पुण्याकडे आले ते मुख्यतः जर्मन येशूसंघी. त्यांतल्या हेन्री डोरिंग यांनी १९०३मध्ये नगर जिल्ह्यातल्या केंदळ या खेड्यातून ‘निरोप्या’ हे मराठी मासिक सुरू केले. वाचक होते बहुतांशी दलित समाजातून आलेले, पहिल्या पिढीचे साक्षर. १९०७मध्ये डोरिंग पुण्याचे बिशप झाले. पहिले महायुद्ध आले आणि ते इंग्रज सरकारच्या लेखी शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. मुंबई-पुण्याचे जर्मन येशूसंघी नजरकैदेत गेले, मग मायदेशी रवाना झाले. डोरिंग यांना परत येऊ दिले नाही. रोमने त्यांना १९२१मध्ये हिरोशिमाला पाठवले. साठीत नवा देश, नवी भाषा. सहा वर्षांनी वाट मोकळी झाली तेव्हा ते पुन्हा पुण्याला आले आणि १९५१मध्ये वारले. व्रतातले ‘पाठवले जाणे’ म्हणजे काय, ते या एका चरित्रातून कळते. ‘निरोप्या’ने पुढे शंभरी ओलांडली.

योगायोग असा की १९४५मध्ये अणुबाँब पडला तेव्हा हिरोशिमाच्या वेशीवर येशूसंघाच्या उमेदवारांचा गुरू म्हणून पेद्रो अरुपे राहत होते. ते वैद्यकशास्त्र शिकलेले होते. त्यांनी संघाच्या घराचे इस्पितळ केले. हेच अरुपे १९६५मध्ये संघाचे जनरल, म्हणजे सर्वोच्च प्रमुख झाले, आणि त्यांच्या काळात १९७४-७५च्या महासभेने ठरवले की श्रद्धेची सेवा करायची तर न्यायासाठी झटणे तिच्यापासून वेगळे काढता येणार नाही. अनेक पालकांना, माजी विद्यार्थ्यांना आणि खुद्द संघातल्या काहींना हा निर्णय रुचला नाही. माझ्या मते चारशे वर्षांतला हा त्यांचा सर्वांत खरा निर्णय होता.

पुण्याच्या शनिवार पेठेत जर्मन येशूसंघी मॅथ्यू लेदर्ले यांनी ‘स्नेहसदन’ उभे केले. तिथे हिंदू-ख्रिस्ती संवाद वादाविना चाले. गी द्लरी या फ्रेंच येशूसंघ्याने तुकोबांचे अभंग फ्रेंचमध्ये नेले, आणि विठोबा संप्रदायावरचा त्यांचा ग्रंथ १९६०मध्ये डेक्कन कॉलेजने काढला. साष्टीतल्या पूर्वसुरींना जे दिसले नव्हते, ते पाहण्याची ही सुरुवात होती.

नगर जिल्ह्यात (आताच्या अहिल्यानगरात) मात्र गोष्ट पाण्याची होती. स्विस येशूसंघी हर्मन बाखर १९४८मध्ये, चोविसाव्या वर्षी, भारतात आले. त्यांनी नगरला सोशल सेंटर काढले. आधी विहिरी, मोटारी, कर्ज मिळवून देणे, असे काम चाले. १९७२च्या दुष्काळाने दाखवून दिले की विहीर खोल नेत राहिल्याने पाणी येत नाही. पावसाचे पाणी डोंगरावरच अडवावे लागते. माथ्यावर सलग समतल चर, ओघळीत दगडी बांध, खाली नाल्यावर बंधारा, असे माथ्यापासून पायथ्यापर्यंत क्रमाने उतरायचे. आधी पायथ्याला बंधारा घातला तर तो दोन पावसाळ्यांत गाळाने भरतो. त्याहून अवघड होते माणसांना एकत्र आणणे. चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी गावाने एकमुखाने पाळली नाही तर चरांतली रोपे शेळ्या खातात, आणि चराईबंदीची झळ ज्याला जमीन नाही, फक्त शेळ्या आहेत, त्यालाच आधी लागते. म्हणून त्याच्यासकट सगळ्यांना बसवून बोलायचे, प्रत्येक घराने श्रमदान करायचे, मग पैसा. जर्मनीची मदत आणि नाबार्डची साथ घेऊन यातूनच इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम उभा राहिला, आणि १९९३मध्ये वॉटर ही संस्था. संगमनेर तालुक्यातले दरेवाडी त्यातले गाजलेले गाव. या कामात कुणाला धर्म विचारला जात नव्हता. गावोगाव लोक त्यांना ‘बाखरबाबा’ म्हणत. २०२१मध्ये ते स्वित्झर्लंडमध्ये वारले.

त्याच वर्षी ५ जुलैला वांद्र्याच्या होली फॅमिली इस्पितळात स्टॅन स्वामी गेले. झारखंडच्या आदिवासींच्या जमिनीच्या आणि तुरुंगातल्या तरुणांच्या हक्कांसाठी काम करणारे हे येशूसंघी एल्गार परिषद प्रकरणात ऑक्टोबर २०२०पासून कोठडीत होते. आरोप त्यांनी नाकारले होते, खटला सुरूही झाला नव्हता. पार्किन्सन्सने हात थरथरत असल्याने पाणी पिण्यासाठी नळीचा पेला मिळावा, एवढ्यासाठी त्यांना कोर्टात जावे लागले.

१९६५च्या सुमारास जगात छत्तीस हजार येशूसंघी होते, आता चौदा हजारांच्या आसपास आहेत, आणि त्यांत भारतीयांचा वाटा फार मोठा आहे. २०१९मध्ये संघाने पुढच्या दहा वर्षांसाठी चार प्राधान्ये ठरवली: साधनेतून देवाची वाट दाखवणे, वंचितांबरोबर चालणे, तरुणांना साथ देणे आणि पृथ्वीची निगा राखणे. शाळा त्या यादीत नावाने नाहीत. अनेक शाळा-कॉलेजांची जबाबदारी आता सामान्य शिक्षकांकडे जाते आहे, आणि तीस दिवसांची साधनाही संघाबाहेरचे गृहस्थ आणि गृहिणी करू लागल्या आहेत. नोकरी-संसार सोडून महिनाभर मौनात जाणे ज्यांना शक्य नाही, त्यांच्यासाठी इग्नाशियसने पुस्तिकेतच सोय करून ठेवली होती: घरी राहा, रोज दीड तास काढा, आणि हाच क्रम काही महिन्यांत पुरा करा.