प्लॅटिनमचं कोंदण आणि बडोद्याचा बारगळलेला बेत

१९११च्या दिल्ली दरबारासाठी हिंदुस्थानात आलेला जाक कार्टिये हा पॅरिसच्या विख्यात जवाहिऱ्यांच्या घराण्यातला धाकटा भाऊ. लंडनची पेढी तो सांभाळत असे. संस्थानिकांकडून मोती घ्यावेत आणि जमलं तर त्यांना नवे दागिने विकावेत, असा त्याचा सरळ हिशेब होता. कार्टियेंच्या इतिहासात या प्रवासातली बडोद्याची हकिगत येते. सयाजीराव गायकवाडांनी घराण्यातले दागिने प्लॅटिनममध्ये नव्याने बसवून घेण्याचा विचार केला, दरबारातल्या जवाहिऱ्यांनी विरोध केला आणि बेत बारगळला. याच दिल्ली दरबारात अंगावर फारसे दागिने न घालता पंचम जॉर्जपुढे गेल्याबद्दल आणि मुजरा नीट न केल्याबद्दल सयाजीरावांवर इंग्रजी वर्तमानपत्रं तुटून पडली होती, ही गंमत वेगळीच. बडोद्याच्या हकिगतीचा अर्थ सहसा एकच लावला जातो: राजा पुढारलेला, कारागीर मात्र जुनाट आणि पोटासाठी आडवे येणारे. पोटाची काळजी त्यांना होती, यात शंका नाही. पण धातू आणि दगड यांच्या बाजूने पाहिलं तर त्यांच्या विरोधाला भक्कम आधार होता असं मला वाटतं, आणि तो दाखवायचा तर प्लॅटिनमचं कोंदण हाताने घडतं कसं, इथून सुरुवात करावी लागते.

प्लॅटिनम पांढरं म्हणून हिरा त्यात खुलतो, हे जाहिरातींचं पालुपद. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. चांदी प्लॅटिनमहून पांढरी आणि अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत युरोपात हिरे चांदीतच बसवत. ती काळवंडते आणि मऊ असते, म्हणून दगड धरायला तिचा भरपूर साठा लागे आणि कपड्यांना डाग पडू नये म्हणून मागे सोन्याचा पत्रा. रंगाचा प्रश्न चांदीने केव्हाच सोडवला होता. सुटला नव्हता तो कमीत कमी धातूत दगड घट्ट धरण्याचा प्रश्न.

अंगठी घडवताना हा फरक हाताला कळतो. ९५० शुद्धतेच्या प्लॅटिनममध्ये उरलेले ५ टक्के बहुधा रुथेनियम किंवा कोबाल्ट असतं; जुने कारागीर १० टक्के इरिडियम घालत. शुद्ध धातू वितळतो १७६८ अंश सेल्सियसला. सोनाराची साधी फुंकणी तिथे हात टेकते. ऑक्सिजनची ज्योत लागते आणि डोळ्यांवर वेल्डरची काळी काच. ग्रॅफाइटची मूस चालत नाही, कारण तापलेलं प्लॅटिनम कार्बन ओढून घेतं आणि ठिसूळ होतं. टाकणखार मात्र लागत नाही, कारण हवेत कितीही तापवलं तरी या धातूवर काळी साय धरत नाही. कानस, रंधा, पॉलिशचं कापड सगळं वेगळं ठेवावं लागतं. पोलादी हत्याराचा कण अंगावर राहिला आणि धातू तापला, तर तो कण आत शिरतो. करवतीची पाती भराभर बोथट होतात. पॉलिश तर संयमाची परीक्षाच, कारण चरा पडला की धातू झिजत नाही, नुसता बाजूला सरकतो.

एवढा त्रास सोसायचा कशासाठी, याचं उत्तर प्रॉंगपाशी, म्हणजे हिरा धरणाऱ्या काट्यांपाशी मिळतं. एक कॅरटचा गोल हिरा साधारण साडेसहा मिलिमीटर व्यासाचा. त्याला धरायला जेमतेम मिलिमीटरभर जाडीच्या चार किंवा सहा तारा उभ्या करतात. प्लॅटिनममधून उष्णता सोन्याच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी वाहते, म्हणून एक तार जोडताना शेजारचा सांधा सुटत नाही. तारा उभ्या राहिल्या की जडावकाम करणारा प्रत्येकीच्या आतल्या अंगाला हिऱ्याच्या कडेच्या कोनाची खाच घेतो. खाच तारेच्या निम्म्याहून उथळ हवी. खोल गेली की पकड कायमची कच्ची. मग हिरा वरून खाली सोडायचा, तो सगळ्या खाचांत एकाच वेळी बसला का हे भिंगातून पाहायचं आणि समोरासमोरच्या तारा जोडीने आत दाबायच्या. सोन्याची तार दाबली की किंचित मागे येते, तेवढं गृहीत धरून जास्त दाबावं लागतं आणि तिथेच कडा टवकायचा धोका असतो. प्लॅटिनमची तार जिथे नेली तिथे राहते. कारागिराला हवा असतो तो हा गुण: मागे न येणारा, तरीही बारीक तारेत न वाकणारा धातू. त्यामुळे हिऱ्याची पाठ उघडी ठेवता येते आणि उजेड खालूनही आत शिरतो.

यावर आक्षेप येईल की एवढा गुण होता तर इतका उशीर का? सेंत-क्लेर देव्हिल आणि दब्रे या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १८५७मध्येच चुनखडीच्या भट्टीत प्लॅटिनम वितळवून दाखवलं होतं, आणि दक्षिण अमेरिकेतल्या ला तोलिताच्या कारागिरांनी तर त्याआधी कित्येक शतकं प्लॅटिनमचे कण सोन्यात घालून, न वितळवताच, दागिने घडवले होते. तरीही पॅरिसच्या पेढ्यांवर प्लॅटिनमचा जोर चढला तो १९००च्या आसपास. माझ्या मते प्रयोगशाळेतली भट्टी आणि कारागिराच्या बाकावरची ज्योत यांच्यात ती चाळीस वर्षं गेली. दुसरं कारण हिऱ्यांचं. १८७०नंतर दक्षिण आफ्रिकेतून ब्रिलियंट पैलू पाडायला योग्य दगडांचा लोंढा आला, तेव्हा कुठे उघड्या पाठीच्या कोंदणाला गिऱ्हाईक मिळालं.

बडोद्याच्या वादाचं मूळ मला इथे दिसतं. ब्रिलियंट हिऱ्याचे खालचे पैलू वरून आलेला उजेड परतवून वर पाठवतात. त्याला मागून आधार नको असतो. आपल्याकडचा पोलकी हिरा चपटा आणि जेमतेम पैलूंचा. त्याच्या मागे चकाकता पत्रा ठेवतात, पाठ बंद करतात आणि शुद्ध सोन्याच्या पातळ पट्ट्या सलाईने दाबत थंडच कडेला बसवतात. ते सोनं न तापवताच एकजीव होतं, आणि दागिन्याच्या पाठीवरच्या मिनाकामाला धक्का लागत नाही. मागच्या पत्र्याविना पोलकी निव्वळ काच वाटते. म्हणजे पोलकीचा दागिना प्लॅटिनमच्या उघड्या कोंदणात न्यायचा, तर दगडही नव्याने कापावा लागतो आणि त्याचं वजन जातं.

कोहिनूरपेक्षा बोलका पुरावा नाही. रणजितसिंगांच्या बाजूबंदातला हा हिरा १८५१च्या लंडन प्रदर्शनात मांडला, तेव्हा गॅसचे दिवे लावूनही तो लखलखेना आणि प्रेक्षक हिरमुसले. पुढच्याच वर्षी प्रिन्स अल्बर्टच्या देखरेखीखाली तो कापला गेला: १८६ जुन्या कॅरटचा दगड १०५.६ कॅरटवर आला. १९३७मध्ये तो ब्रिटनच्या पहिल्या प्लॅटिनमच्या राजमुकुटात बसला. युरोपी कोंदणात खुलण्याची किंमत त्याने चाळीस टक्क्यांहून अधिक वजन देऊन मोजली.

बडोद्याचे सगळे हिरे पोलकी नव्हते, हे खरं. बडोद्याचे आधीचे महाराज खंडेराव यांनी घेतलेला ‘स्टार ऑफ द साउथ’ हा १८५३ साली ब्राझीलमध्ये सापडलेला आणि आम्स्टरडॅममध्ये कापलेला १२८ कॅरटचा ब्रिलियंट. तशा दगडांना प्लॅटिनम शोभलंच असतं आणि तिथे दरबारी जवाहिऱ्यांचा विरोध मला पटत नाही. पण बेत दोन-चार दगडांचा नव्हता, सरसकट होता.

जे बडोद्यात झालं नाही, ते पतियाळात झालं. तिथले महाराजा भूपिंदरसिंग यांनी कार्टियेकडून १९२८मध्ये प्लॅटिनमचा हार करून घेतला, २,९३० हिऱ्यांचा, मध्ये २३४ कॅरटचा ‘डी बिअर्स’. तो पुढे गायब झाला. १९९८मध्ये लंडनमध्ये सापडला तेव्हा मोठे दगड काढून घेतलेले होते आणि साखळ्यांचा सांगाडा शिल्लक होता. सहज वाकून तिथेच राहणारा काटा तितक्याच सहज उलटाही वाकतो, हा या कोंदणाचा दुसरा चेहरा. अर्थात बंद पाठीच्या जडावाने बडोद्याचे दागिने वाचले असंही नाही. बडोद्याच्या महाराणी सीतादेवींनी हिरे-पाचूंचे पैंजण हॅरी विन्स्टन या अमेरिकी जवाहिऱ्याला १९५३मध्ये विकले. त्याने दगड सुटे करून हार केला आणि तो डचेस ऑफ विंडसरने घेतला. १९५७मध्ये न्यूयॉर्कच्या एका समारंभात हे दगड आपल्या पायांत असायचे असं सीतादेवींनी चारचौघांत सांगितलं, आणि डचेसने हार विन्स्टनला परत केला.