रुपे न घेणारे वैद्य

ख्रिस्ती परंपरेत बहुतेक व्यवसायांना एकेक आश्रयदाता संत लाभला आहे. वैद्यांचा संत म्हणजे लूक. नव्या करारातील कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात त्याचा उल्लेख वैद्य म्हणून येतो. १८ ऑक्टोबर हा त्याचा स्मरणदिन. वेंगुर्ल्यास अमेरिकन मिशनऱ्यांनी उभारलेल्या इस्पितळास त्याचेच नाव देण्यात आले. परंतु अर्थशास्त्राच्या दृष्टीने अधिक विचारप्रवर्तक आहेत ते कॉस्मस आणि डेमियन.

परंपरा सांगते की, हे जुळे भाऊ आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिण भागात वैद्यकी करीत आणि सम्राट डायोक्लेशियनच्या काळात धर्मापायी त्यांचा वध झाला. ग्रीक ख्रिस्तीजन त्यांना ‘अनार्जिरॉय’, म्हणजे रुपे न घेणारे, म्हणतात. बऱ्या झालेल्या एका स्त्रीने देवाची शपथ घालून डेमियनला तीन अंडी घ्यावयास लावली, तेव्हा कॉस्मस इतका व्यथित झाला की, आपणास भावाशेजारी पुरू नये, असे त्याने बजावले, अशी आख्यायिका आहे. पुढे फ्लॉरेन्सच्या मेदिची या सावकार घराण्याने याच निरिच्छ भावांना आपले आश्रयदाते मानावे, हा इतिहासाचा एक विनोदच म्हणावयाचा!

तीन अंड्यांची ही कथा भाबडी वाटली, तरी तिच्यातील प्रश्न जुना झालेला नाही. वैद्याने मोबदला घेतला नाही, तरी औषधाचे मोल कोणीतरी चुकवितेच. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेस सुरू केलेल्या इस्पितळाच्या उभारणीमागे दूरदेशीच्या देणगीदारांचे धन होते. आज सरकारी रुग्णालयामागे करदात्याचे धन असते.

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क झाले, हे स्वागतार्हच. तथापि इंदापूर तालुक्यातील डाळजच्या एखाद्या शेतमजुरास आजारी आईला घेऊन बारामतीस वा पुण्यास जावे लागले, तर गाडीभाडे चुकत नाही आणि बुडालेला रोजही भरून येत नाही. शुल्क माफ झाले म्हणजे खर्च संपला, असे नव्हे.

वैद्याने संत व्हावे, ही अपेक्षा उदात्त खरी. पण आरोग्यव्यवस्था तिच्यावर उभी राहत नाही. संत विरळा असतो, आजार रोजचा असतो. गावाजवळच्या दवाखान्यात डॉक्टर हजर असणे, कपाटात औषध असणे आणि त्यासाठी अंदाजपत्रकात पुरेशी तरतूद होणे, याविना त्या दोघा भावांचे व्रत गरिबाच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचणार नाही.