मृग पावसाळ्यात का दिसत नाही?

आमच्या घरी शेती. ‘मृग लागला’ हे शब्द ऐकतच मी मोठा झालो. ७ जूनच्या सुमारास तो लागे आणि वडील तिफण बाहेर काढीत. सहावीत असताना एका जूनमध्ये मी रात्री अंगणात उभा राहून मृग शोधला. ढग नव्हते, पण मृगही नव्हता. मोठी माणसे न पाहताच बोलतात, असा निष्कर्ष मी काढला व बरीच वर्षे जपला.

मृग मला भेटला तो डिसेंबरात, वसतिगृहाच्या गच्चीवर. पूर्वेला चार ताऱ्यांचा मोठा चौकोन व मधोमध एका रेषेत तीन तारे. चौकोन म्हणजे हरणाचे पाय, तीन तारे म्हणजे पोटात रुतलेला बाण. ती रेषा खाली वाढवली की बाण मारणारा व्याध; रात्रीच्या आकाशात त्याच्याइतका तेजस्वी तारा दुसरा नाही. वर नेली की तांबूस रोहिणी आणि पुढे कृत्तिकांचा झुबका. दुर्बीण लागत नाही. गच्चीवरचा दिवा मात्र मालवावा आणि डोळे सरावेपर्यंत वीसेक मिनिटे धीर धरावा. चौकोनातला तांबडा तारा काक्षी. २०१९ च्या अखेरीस तो मंदावला तेव्हा त्याचा आता स्फोट होणार अशी आवई उठली होती. पुढे कळले, त्यानेच बाहेर टाकलेली धूळ आड आली होती!

मग जूनमध्ये हे सारे जाते कुठे? सूर्याच्या मागे. ‘मृग लागला’ म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात आला. तेव्हा मृग सूर्याबरोबर उगवतो, त्याच्याबरोबरच मावळतो. उजेडात दिसणार कसा? पुढे तो रोज चार मिनिटे लवकर उगवू लागतो, म्हणजे महिन्याला दोन तास. डिसेंबरच्या मध्यापर्यंत पृथ्वी सूर्याच्या दुसऱ्या अंगाला पोचते आणि सूर्य मावळताना मृग वर येतो.

सुट्टीत हे आजीला सांगितले. ती म्हणाली, “म्हंजी पेरणीच्या वक्ताला भर दुपारी त्यो डोस्क्यावरच आसतो की!” मला एवढ्या थोडक्यात सांगता आले नव्हते.

वडिलांनी मात्र विचारले, “मग मागल्या साली मृग लागून पाऊस का नव्हता?” त्या वर्षी आमची दुबार पेरणी झाली होती, बियाण्याचे पैसे गेले ते गेलेच. नक्षत्र पाऊस पाडत नाही, ते नुसती तारीख सांगते, असे मी म्हणालो. आणि ती तारीखही सरकते. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलत असल्याने वसंतसंपात सुमारे ७२ वर्षांत एक अंश मागे जातो. तेवढ्या काळात मृग ऋतूंच्या मानाने एक दिवस उशिरा लागतो. ज्ञानेश्वरांच्या काळी तो आजच्यापेक्षा दहा दिवस तरी आधी लागत असणार. वसंतसंपात मृगात होता तो काळ धरून लोकमान्य टिळकांनी १८९३ च्या ‘ओरायन’मध्ये वेदांचे वय काढले. त्यांचे अनुमान सर्वांना पटले नाही, पण त्यामागचे गणित हेच.

वडील थोडा वेळ बाणाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “आन् ह्यो दिसायचा कवा बंद होतो?”

एप्रिलअखेर अंधार पडताच पश्चिमेला खाली दिसेल, मे निम्मा झाला की नाही, असे मी सांगितले.