हुला खोऱ्यातील क्रौंच पक्षी आणि शेतकरी

दरवर्षी हिवाळा लागला की टेलिव्हिजनवर उत्तरेकडील हुला खोऱ्याची चित्रे दाखवतात. हजारो करड्या, उंच मानेचे पक्षी एकदम आकाशात उडतात आणि त्यांच्या ओरडण्याने सारे खोरे दुमदुमते. हिब्रूत या पक्ष्याला ‘अगुर’ म्हणतात, मराठीत क्रौंच. आपल्या समाजातील अनेकजण सहलीच्या बसने हे ठिकाण पाहून आलेही असतील. पण हे पक्षी तिथे आपोआप जमलेले नाहीत. त्यांच्यामागे तीस वर्षांहून अधिक काळ चाललेले शास्त्रज्ञांचे, शेतकऱ्यांचे आणि वनरक्षकांचे काम आहे. शेती आणि निसर्ग एकाच जमिनीवर कसे नांदवावेत, याचा हा प्रयोग आहे. त्यात यश आले, तसा मोठा फटकाही बसला. ती हकीकत या लेखात थोडक्यात सांगत आहोत.

दलदल का काढली?

गोलान आणि नफतालीच्या डोंगरांमध्ये हुला खोरे आहे. यार्देन नदीचे पाणी इथे पसरून एक उथळ तळे आणि त्याच्या उत्तरेला मोठी दलदल तयार झाली होती. त्यात पपायरसचे उंच बन होते. तिथले अरब रहिवासी म्हशी पाळत आणि पपायरसच्या चटया विणत. 1883 साली जवळच येसुद हमाला ही ज्यू वसाहत झाली. तिच्या पहिल्या पिढीतील पुष्कळ लोक मलेरियाने दगावले. त्यामुळे दलदल म्हणजे रोगाचे घर, ती काढलीच पाहिजे, असे त्या काळी सर्वांना वाटत होते.

राज्य स्थापन झाल्यावर 1951 साली केरेन कायेमेत लेइस्राएल या संस्थेने हे काम हाती घेतले. होय, तीच निळ्या पेटीची संस्था. यार्देनचे पात्र खोल केले, कालवे खणले आणि 1958 पर्यंत तळे व दलदल मिळून सुमारे 60,000 दुनाम जमीन कोरडी केली. एक दुनाम म्हणजे आपल्याकडचे साधारण दहा गुंठे. नव्या देशाला अन्न हवे होते, आलेल्या लोकांना काम हवे होते. त्या दृष्टीने ही मोठी कामगिरी मानली गेली.

विरोध करणारेही होते, पण थोडे. प्राणिशास्त्रज्ञ हाइनरिश मेंडेलसोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निदान दलदलीचा एक तुकडा तरी राखा, असा आग्रह धरला. या खटपटीतूनच 1953 साली निसर्ग संरक्षण संस्था, म्हणजे ‘हहेवरा लहगानत हतेवा’, जन्माला आली. राखलेला तुकडा 1964 साली इस्राएलचे पहिले अधिकृत निसर्ग राखीव क्षेत्र झाला.

जमीन बिघडली कशी?

कुलाबा जिल्ह्यातील खारेपाटात ज्यांचे बालपण गेले, त्यांना पाण्याचा आणि जमिनीचा संबंध समजावून सांगायला नको. बांध फुटला, खारे पाणी आत आले, की भाताचे खाचर वाया जाते. हुलामध्ये उलटे झाले. तिथे पाणी काढल्यामुळे जमीन बिघडली.

दलदलीच्या तळाशी हजारो वर्षे लव्हाळे आणि पपायरस कुजून साचले होते. पाण्याखाली हवा नसल्यामुळे ते पूर्ण कुजत नव्हते. अशा अर्धवट कुजलेल्या थराला पीट म्हणतात. पाणी गेले, हवा लागली आणि हा थर झपाट्याने कुजू लागला. जमीन वर्षावर्षाला खचत गेली. कोरडे पीट जळाऊ असते, त्यामुळे जमिनीच्या आत आगी लागत आणि त्या विझवणे कठीण जाई. वाऱ्याबरोबर काळी धूळ उडू लागली. कोरड्या भुसभुशीत मातीत उंदरांनी बिळे केली आणि पिकांचा फडशा पाडला.

सर्वात गंभीर गोष्ट पाण्याची होती. पीट कुजताना त्यातून नायट्रेट मोकळे होतात. पावसाळ्यात ते यार्देनमधून वाहत किन्नेरेटमध्ये जाऊ लागले. नायट्रेट म्हणजे शेवाळाचे खतच. ज्या सरोवराचे पाणी देश पितो, त्याच्या शुद्धतेचाच प्रश्न उभा राहिला. पूर्वी ही दलदल गाळणीसारखी होती, घाण आणि क्षार अडवून धरीत होती, हे तेव्हा लक्षात आले.

पाणी परत आणले

मग शास्त्रज्ञांनी मोजणी सुरू केली. भूजलाची पातळी किती, मातीत ओल किती, कालव्यातून किती नायट्रेट जातात, कोणत्या शेतात पीक येते आणि कोणत्या येत नाही. निष्कर्ष असा निघाला की सर्व खोरे पुन्हा बुडवण्याची गरज नाही. पण भूजल वर ठेवले पाहिजे, जमीन वर्षभर हिरवी ठेवली पाहिजे आणि जिथे शेती परवडतच नाही तो भाग पाण्याला परत दिला पाहिजे.

त्याप्रमाणे 1994 साली खोऱ्याच्या मधोमध सुमारे 1,000 दुनामांचे उथळ तळे तयार झाले. हिब्रूत अगाम म्हणजे तळे आणि अगमोन म्हणजे छोटे तळे, म्हणून त्याचे नाव अगमोन हहुला पडले. ज्या केरेन कायेमेतने दलदल काढली होती, तीच या कामात पुढे होती. भोवतालच्या जमिनीत शेती चालूच राहिली. त्यामुळे हे ठिकाण नुसते अभयारण्य नाही. मधे तळे, भोवती शेते आणि दोन्हींचा हिशेब एकत्र, अशी ही व्यवस्था आहे.

पाहुणे आले आणि भांडण सुरू झाले

इस्राएल हा तीन खंडांच्या सांध्यावरचा देश. वर्षातून दोनदा सुमारे 50 कोटी पक्षी आपल्या डोक्यावरून युरोप-आशियातून आफ्रिकेत जातात आणि परत येतात. त्यात रशिया, फिनलंड वगैरे थंड प्रदेशांतले क्रौंचही असतात. यिर्मियाहू नबीच्या ग्रंथात आपली येण्याची वेळ ओळखणाऱ्या पक्ष्यांमध्ये अगुरचे नाव आहे. म्हणजे ही वाट फार जुनी आहे.

पूर्वी बहुतेक क्रौंच इथे थोडे थांबून पुढे जात. नवे तळे झाल्यावर त्यांची सोय झाली. क्रौंच रात्री उथळ पाण्यात उभे राहून झोपतात. कोल्हा आला तर पाण्याचा आवाज होतो आणि कळप सावध होतो. शिवाय भोवती भुईमुगाची शेते होती. काढणीनंतर जमिनीत राहिलेले दाणे म्हणजे आयती मेजवानीच. पुढे हजारो क्रौंच आफ्रिकेत न जाता हिवाळाभर इथेच राहू लागले. आता ही संख्या तीस हजारांच्याही वर जाते.

भुईमुगाचे उरलेले दाणे खाल्ले तर शेतकऱ्याचे काही जात नाही. पण ते संपल्यावर पक्षी नुकत्याच पेरलेल्या हरभऱ्यावर आणि इतर कोवळ्या पिकांवर उतरू लागले. शेतकऱ्यांनी फटाके वाजवले, गाड्या पळवल्या. पक्षी या शेतातून उठून त्या शेतात बसत. एकाची पीडा दुसऱ्याकडे गेली एवढेच.

शेवटी शेतकरी, केरेन कायेमेत, निसर्ग संरक्षण संस्था, निसर्ग व उद्यान प्राधिकरण आणि सरकारी खाती एकत्र बसली. तोडगा असा निघाला: हिवाळ्याच्या सुरुवातीला पक्ष्यांना पुढे जाण्यास उत्तेजन द्यायचे, आणि जे राहतील त्यांच्यासाठी एक ठराविक शेत सोडून तिथे रोज ट्रॅक्टरने काही टन मका टाकायचा. बाकीच्या शेतांतून त्यांना हाकलायचे. खर्च सर्वांनी वाटून घ्यायचा. पिकांचे नुकसान पुष्कळ कमी झाले. वर पर्यटक येऊ लागले, ते वेगळेच.

घुबड, शेतकऱ्याचा मित्र

उंदरांच्या प्रश्नावरचा उपायही सांगण्यासारखा आहे. पूर्वी उंदीर-किडे मारण्यासाठी विषारी औषधे मोठ्या प्रमाणात वापरत. 1975-76 च्या हिवाळ्यात हुला खोऱ्यात अशाच एका औषधाने शेकडो शिकारी पक्षी मेले. विष खाल्लेले उंदीर आणि पक्षी त्यांनी खाल्ले होते. उंदीर खाणारेच मेल्यावर उंदरांना मोकळे रान मिळाले.

पुढे 1980 च्या दशकात बेत शेआन खोऱ्यातील स्दे एलियाहू किबुत्झने शेतांत लाकडी खोकी उभारली. त्यांत गव्हाणी घुबडे घरटी करू लागली. आपल्याकडे घुबड घरावर बसले की अपशकुन मानीत. पण गव्हाणी घुबडाची एक जोडी पिल्लांसह वर्षाला दोन हजारांवर उंदीर फस्त करते आणि मजुरी मागत नाही. तेल अवीव विद्यापीठाचे पक्षीतज्ज्ञ योसी लेशेम यांनी हा उपक्रम देशभर नेला. हुला खोऱ्यातही अशी खोकी आहेत. 2002 पासून जॉर्डनचे शेतकरीही त्यात सामील झाले, कारण घुबडाला सीमा कळत नाही आणि उंदरालाही नाही.

शास्त्रज्ञ तिथे नेमके करतात काय?

पक्षी मोजणे हे एक काम. पण आता त्याहून बरेच काही चालते. पक्षी जाळ्यात अलगद पकडून पायात कडी घालतात, वजन घेतात आणि सोडतात. काही क्रौंचांच्या अंगावर छोटे यंत्र बसवतात, त्यामुळे ते कुठून आले, कुठे गेले, दिवसभरात कोणत्या शेतात उतरले हे कळते. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठाचे रान नातान आणि तेल अवीव विद्यापीठाचे सिवान तोलेदो यांनी हुला खोऱ्यात अँटेनांचे जाळे उभारले आहे. काही ग्रॅम वजनाचे यंत्र लावलेला पक्षी किंवा वटवाघूळ खोऱ्यात कुठे आहे, हे त्यातून क्षणोक्षणी समजते. याच जाळ्याच्या आधारे 2020 साली त्यांनी दाखवून दिले की फळे खाणाऱ्या वटवाघळांच्या डोक्यात सर्व परिसराचा नकाशाच असतो. फळझाड कुठे आहे हे लक्षात ठेवून ती आडवाटेनेही सरळ तिथे पोचतात.

राखून ठेवलेल्या जुन्या तुकड्यानेही एक चमत्कार दाखवला. हुलाचा एक खास बेडूक होता, काळ्या पोटावर पांढरे ठिपके असलेला. 1955 नंतर तो कुणाला दिसला नव्हता आणि 1996 साली तो नामशेष झाला असे जाहीर झाले होते. 2011 साली राखीव क्षेत्रातील एका रक्षकाला तो जिवंत सापडला. तपासणीत आढळले की त्याचे जवळचे नातेवाईक फक्त जीवाश्मांतच उरले आहेत. सत्तरएक वर्षांपूर्वी काही माणसांनी थोड्या जमिनीसाठी हट्ट धरला नसता, तर हा बेडूक आज नसता.

2021 चा धक्का

आता फटक्याविषयी. डिसेंबर 2021 मध्ये हुलात बर्ड फ्लूची साथ आली. पाच हजारांहून अधिक क्रौंच मेले. संरक्षक पोशाख घातलेले कामगार तळ्यातून मेलेले पक्षी बाहेर काढत असल्याची चित्रे आपण सर्वांनी पाहिली. उत्तरेतील कोंबड्यांच्या फार्मांतही रोग शिरला, लाखो कोंबड्या माराव्या लागल्या आणि बाजारात अंड्यांची टंचाई झाली, हेही आठवत असेल.

यावरून एक अवघड प्रश्न पुढे आला. हजारो पक्षी एकाच शेतात खातात आणि एकाच तळ्यात झोपतात. अशा गर्दीत रोग वणव्यासारखा पसरतो. मग मका टाकून त्यांना एकत्र ठेवणे बरोबर आहे का? टाकणे थांबवले तर ते पुन्हा शेतकऱ्यांच्या पिकावर उतरतील. चालू ठेवले तर पुन्हा साथीची भीती. म्हणून मका हळूहळू कमी करावा, पक्ष्यांनी पुढे आफ्रिकेत जावे किंवा विखरून राहावे, या विचाराला जोर आला. एका हिवाळ्यात हे होणारे नाही. थोडे कमी करायचे, पक्षी काय करतात ते मोजायचे, शेतकऱ्याचे नुकसान पाहायचे आणि मग पुढचे पाऊल टाकायचे. दलदल काढताना अशी मोजणी आधी झाली नव्हती. आता ती झाल्याशिवाय कोणी काही ठरवत नाही, हा मोठा फरक आहे.

पाहायला जायचे असेल तर

हुलाचे निसर्ग राखीव क्षेत्र आणि अगमोन हहुला ही दोन वेगळी ठिकाणे आहेत, तिकिटेही वेगळी. बस ठरवताना हे नीट विचारून घ्यावे. क्रौंच भरपूर पाहायचे असतील तर अगमोनला जावे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पहाटे पक्षी उठताना किंवा संध्याकाळी तळ्यावर परतताना पाहण्यात खरी मजा आहे. आपली मोटार आत नेता येत नाही, पण ज्यांना चालणे जमत नाही त्यांनी काळजी करू नये. ट्रॅक्टरने ओढलेली बाकांची गाडी पक्ष्यांच्या अगदी जवळ नेते. ट्रॅक्टर म्हणजे मका, हे पक्ष्यांना पाठ झाल्यामुळे ते त्याला भीत नाहीत. ही जागा आधी राखून ठेवावी लागते. गुडघे दुखत असतील तर गाडीच्या पायऱ्यांविषयी फोनवरच विचारावे. ज्येष्ठ नागरिकाचे कार्ड बरोबर ठेवावे आणि सवलतीची चौकशी करावी. खोऱ्यात संध्याकाळी थंडी चांगलीच झोंबते, म्हणून स्वेटर आणि कानटोपी विसरू नये.

राखीव क्षेत्रातही अवश्य जावे. तिथे पपायरसचे बन आहे, लाकडी पुलावरून सावकाश चालत जाता येते आणि पाण्यात डुंबणाऱ्या म्हशी दिसतात. उंच गवत खाऊन जागा मोकळी ठेवण्याचे काम त्या करतात. नातवंडे बरोबर असतील तर म्हशीची ओळख त्यांना आपणच करून द्यावी.