नकाशावरची रेघ आणि माळावरचा पक्षी

सावेडीहून दक्षिणेकडे निघाले की नगर शहर मागे पडते आणि पुढे कर्जत-श्रीगोंद्याच्या बाजूला उघडे माळ लागतात. झाडे तुरळक, पाऊस बेताचा. अशा जमिनीला आपण सरसकट ‘पडीक’ म्हणतो. माळढोकाला मात्र अशीच जमीन लागते. याचा नर १५ किलोपर्यंत भरतो. घरटे न बांधता मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते.

या पक्ष्यासाठी १९७९ साली सोलापूर व अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यांत अभयारण्य घोषित झाले. क्षेत्र किती असावे? ८,४९६ चौ. कि.मी.! सबंध नगर जिल्हा सुमारे १७,००० चौ. कि.मी. आहे, त्याच्या जवळजवळ निम्मे. त्यात वनखात्याची जमीन थोडी, खाजगी शेतीच फार. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात जिल्हाधिकाऱ्यांनी लोकांचे हक्क ऐकून घेण्याची पायरी आहे. एवढ्या क्षेत्रात ती पार पाडणे म्हणजे शेकडो गावांचे सातबारे तपासणे!

शेतकऱ्याला अभयारण्य कळले ते जमीन विकताना, रस्ता काढताना अडथळा आला तेव्हा. ज्याच्या रानात पक्षी अंडे घालणार, त्यालाच तो नकोसा झाला. माझ्या मते माळढोकाचे मोठे नुकसान इथेच झाले.

रेघ पुसणेही सोपे नव्हते. आपल्या परवानगीशिवाय कोणतेही अभयारण्य रद्द करू नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिला होता. अखेर क्षेत्र १,२२२ चौ. कि.मी.वर आले, म्हणजे जेमतेम सातवा हिस्सा.

या फेरआखणीत जमीनमालकांचे गाऱ्हाणे लोकप्रतिनिधींमार्फत वरपर्यंत पोचू शकले. धनगर मेंढपाळाचे काय? माळ त्याच्या नावावर नसतो आणि वर्षातले बरेच महिने तो वाटेवर असतो. सुनावणीच्या तारखेला तो हजर राहणार कसा? खरे तर पक्षी कुठे उतरतो, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार? बेताची चराई गवत आखूड ठेवते, ते माळढोकाला मानवते. चराई अति झाली, सोबत कुत्री आली, की अंडी जातात. म्हणजे किती आणि केव्हा चारायचे, हे त्याच्याशी बोलूनच ठरवावे लागेल.

आज देशात माळढोक दीडशेच्या आसपास किंवा त्याहून कमी आहेत, बहुतेक राजस्थानात. महाराष्ट्रात ते बोटांवर मोजण्याइतकेच.

वर्गात याची सुनावणी घेऊन पाहावी. शेतकरी, मेंढपाळ, वनरक्षक, कारखानदार असे गट पाडावेत. प्रत्येकाने आधी आपल्याला काय हवे ते सांगावे, मग आपण काय सोडू शकतो तेही. माळढोकाच्या बाजूने कोण बोलणार, हे मुलांनाच ठरवू द्यावे.