बंदूक : कुठे परवाना, कुठे हक्क

ऑस्ट्रेलियात पोर्ट आर्थरला एप्रिल १९९६मध्ये गोळीबारात ३५ जणांचा बळी गेला आणि अवघ्या १२ दिवसांत केंद्र व राज्यांचं बंदुकांच्या कडक नियमांवर एकमत झालं. पंतप्रधान जॉन हॉवर्ड उजव्या विचारांचे, मित्रपक्षाचा मतदार ग्रामीण. तरीही सरकारने सुमारे साडेसहा लाख बंदुका पैसे मोजून परत घेतल्या. या नियमांच्या विरोधकांच्या सभेत हॉवर्ड बुलेटप्रूफ जाकीट घालून गेले, याची खंत मात्र त्यांना राहिली.

न्यूझीलंडच्या संसदेने २०१९मध्ये, क्राइस्टचर्चमधल्या गोळीबारानंतर महिन्याभरात, बहुतेक सेमी-ऑटोमॅटिक बंदुकांवर ११९ विरुद्ध १ मतांनी बंदी घातली.

अमेरिकेत गाडी अडते ती राज्यघटनेपाशी. १७९१च्या दुसऱ्या दुरुस्तीत बंदूक बाळगण्याचा वैयक्तिक हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८मध्ये ठरवलं, तेही ५ विरुद्ध ४ मतांनी.

स्वित्झर्लंडने २०११च्या सार्वमतात कडक नियम नाकारले, २०१९मध्ये स्वीकारले.